ट्रिमर केस ओढतोय, गरम होतोय, चार्जच होत नाही? फेकायच्या आधी हे सगळं क्रमाने तपासा

ट्रिमर किंवा हेअर क्लिपर "गेला" म्हणून लोक जो कपाटात टाकतात किंवा सरळ नवीन मागवतात, त्यातले बरेचसे गेलेले नसतातच. एकतर आत केसांचा भुगा साचलेला असतो, नाहीतर ब्लेड कोरडं पडलेलं असतं, नाहीतर जागचं सरकलेलं असतं. मोटर जळणं हे त्या मानाने क्वचित. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सलून बंद होती तेव्हा आमच्या ठाण्यात घरोघरी ही मशीनं आली, नवी मुंबईतल्या माझ्या नातेवाईकांकडेही तेच, आणि तेव्हापासून बहुतेकांनी त्यात तेलाचा एक थेंब सुद्धा टाकलेला नाही. डब्यात आलेली ती छोटी तेलाची बाटली तशीच सीलबंद असते. घरातल्यांचे केस मीच कापते, कुत्र्याचेही, आणि सोसायटीत कोणाचं मशीन अडलं की ते माझ्याकडे येतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

एक गोष्ट आधीच सांगते, तपासायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सफाई, मग तेल, मग ब्लेडची जागा, मग चार्जर आणि बॅटरी, आणि मोटरकडे सगळ्यात शेवटी. लोक नेमके उलटे जातात, आधी मागचं कव्हर उघडतात, आतली वायर तुटते आणि मग खरंच बिघडतं.

तुमचं मशीन कुठल्या प्रकारचं आहे ते आधी ओळखा

वायरवालं, हाताला जड, बटण दाबल्यावर "टक्" करून घूंऽऽ असा एकसारखा आवाज येतो, बाजूला एक एकटाच स्क्रू दिसतो, तर ते मॅग्नेटिक मोटरचं आहे. सलूनमध्ये वर्षानुवर्षं दिसणारं ते हेच. यात गोल फिरणारं काहीच नसतं, एक कॉइल असते आणि तिच्यासमोर लोखंडी आर्म. आपली वीज ५० हर्ट्झची, दर सायकलला आर्म दोनदा खेचला जातो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, मिनिटाला ६०००. अमेरिकेत लिओ वॉल यांनी १९१९ साली अशा मशीनच्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि आतली मूळ कल्पना अजून तीच आहे. सुरुवातीचा तो "टक्" आवाज नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका.

बॅटरीवर चालणारे दाढीचे ट्रिमर आणि कॉर्डलेस क्लिपर बहुतेक रोटरी असतात. छोटी डीसी मोटर गोल फिरते, तिच्या टोकाला मध्यापासून जरा सरकवलेली पिन असते आणि ती पिन एका प्लास्टिकच्या तुकड्यात फिरून ब्लेडला डावी-उजवीकडे हलवते. हा प्लास्टिकचा तुकडा लक्षात ठेवा, आवाजाच्या भागात परत लागेल.

कुत्र्या-मांजरांचे क्लिपर पण बहुतेक रोटरीच, फक्त त्यातल्या मोठ्या मशीनचं ब्लेड क्लिपसारखं निघतं आणि त्यावर नंबर असतो. १० नंबर म्हणजे साधारण दीड मिलिमीटर केस राहतात, ४० नंबर म्हणजे जवळजवळ कातडीपर्यंत. माणसांच्या गार्डचा, म्हणजे ब्लेडवर लावायच्या प्लास्टिकच्या कंगव्याचा, हिशोब उलटा, १ नंबर ३ मिलिमीटर, २ नंबर ६, ४ नंबर १३, नंबर वाढला की केस लांब राहतात. कुत्र्याच्या ब्लेडवर नंबर वाढला की केस बारीक होतात. हे माहीत नसल्यामुळे बिचाऱ्या शिह-त्झूचं पार टक्कल झालेलं मी पाहिलंय.

सफाई, अगदी पहिल्या पायरीपासून

काय लागेल: जुना मऊ टूथब्रश, बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर, स्टीलची वाटी, टिश्यू, मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि तेल. तेलाबद्दल खाली वेगळं सांगते.

प्लग काढा, बॅटरीवालं असेल तर बंद करून लॉक करा. टेबलावर पांढरा कागद अंथरा, बारीक स्प्रिंग उडाली तर दिसेल. खोलायच्या आधी ब्लेडचे दोन फोटो काढा, एक समोरून आणि एक बाजूने, कारण दोन ब्लेडमधलं अंतर किती होतं आणि कुठलं ब्लेड कुठल्या बाजूला तोंड करून होतं हे अर्ध्या तासाने आठवत नाही.

दाढीच्या ट्रिमरचं हेड बहुतेकदा अंगठ्याने पुढे ढकललं की निघतं, तिथे स्क्रू ड्रायव्हर लागत नाही आणि घालूही नका. मोठ्या क्लिपरला खालच्या बाजूने, म्हणजे जी बाजू डोक्याला लागते तिथे, दोन स्क्रू असतात, ते काढा आणि वाटीत टाका. आता दोन ब्लेड वेगळी होतील, खालचं जाड आणि स्थिर असतं ते फिक्स ब्लेड, वरचं छोटं असतं ते हलणारं ब्लेड.

मधे जे काही निघेल ते बघून कधी कधी विश्वास बसत नाही, केसांचा नमदा, पावडर, जुन्या तेलाचा तपकिरी चीक, सगळं एकमेकांत घट्ट बसलेलं. ब्रशने कोरडंच झटका, दातांच्या दिशेने, आडवं नाही. चिकटलेलं राहिलं तर टिश्यूवर अल्कोहोल घेऊन दोन्ही ब्लेडच्या घासणाऱ्या बाजू पुसा, म्हणजे जे पृष्ठभाग एकमेकांवर सरकतात ते. मशीनच्या तोंडात जी हलणारी पिन किंवा आर्म दिसतो त्याच्या आजूबाजूचे केस चिमट्याने उचला. तोंडाने फुंकर मारू नका, केस आणखी आत जातात आणि थुंकीचा ओलावाही जातो.

काही जण रॉकेल किंवा थिनरमध्ये ब्लेड बुडवतात आणि मशीन चालू करून धुतात, हे करू नका. पेट घेणारी वस्तू आणि ठिणगी पाडू शकणारी मोटर एकत्र आणायची गरजच नाही. अल्कोहोल पण मशीन बंद असतानाच लावायचं आणि पूर्ण उडून गेल्यावरच चालू करायचं.

नळाखाली धरायचं का? फक्त "वॉशेबल" लिहिलं असेल किंवा आयपीएक्स ७ असं रेटिंग असेल तरच. काही मॉडेलमध्ये फक्त हेड धुता येतं, बॉडी नाही, पत्रकात तसं लिहिलेलं असतं. धुतल्यावर हेड काढून पंख्याखाली पूर्ण वाळवा आणि मग तेल घाला, कारण पाण्याबरोबर जुनं तेल निघून गेलेलं असतं. धुवून ओलं तसंच झाकण लावून बाथरूमच्या कपाटात ठेवणं हे गंजाला आमंत्रण आहे.

तेल कुठलं आणि कुठे

पातळ, रंगहीन मिनरल ऑइल लागतं. डब्यातली बाटली संपली असेल तर शिलाई मशीनचं तेल चालतं, ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा वाशी-कोपरखैरणेच्या कुठल्याही शिलाई मशीनच्या दुकानात विचारा, छोटी बाटली खूप दिवस पुरते.

खोबरेल तेल नको. घरात असतंच म्हणून हात आधी तिकडेच जातो, पण ते साधारण २४-२५ डिग्रीच्या खाली गोठतं, ठाण्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बाटलीत घट्ट होतं ते ब्लेडमध्येही तसंच होणार, आणि एरवी केसांच्या भुग्यात मिसळून त्याचा चिकट थर बनतो. शेंगदाण्याचं, मोहरीचं तर अजिबात नको. गंज सोडवायचा जो स्प्रे मिळतो तो अडकलेला स्क्रू सोडवायला ठीक आहे, पण तो पातळ असतो, लवकर उडून जातो आणि ब्लेड पुन्हा कोरडं, त्यामुळे त्याला तेल समजू नका.

मशीन चालू करा, ब्लेड खालच्या दिशेने तिरकं धरा म्हणजे तेल मोटरकडे ओघळणार नाही. दातांवर तीन थेंब, डावीकडे, मधे, उजवीकडे. मग ब्लेडच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर, जिथे वरचं ब्लेड खालच्यावर टेकून सरकतं, तिथे एकेक थेंब. दहा-पंधरा सेकंद चालू द्या, आवाज बदललेला लगेच कळतो, जरा खालच्या सुरात आणि एकसारखा होतो. बंद करून जास्तीचं तेल टिश्यूने टिपून घ्या. भरपूर ओतलं तर ते आत मोटरपर्यंत जातं आणि केस पण चिकटतात.

किती वेळा? घरी डोक्याचे केस कापत असाल तर दर वेळी कापायच्या आधी, आणि ठेवून देताना एक थेंब परत. दाढीच्या काही ट्रिमरवर "तेल लागत नाही" असं लिहिलेलं असतं, तिथे कंपनीचं ऐका.

केस ओढतोय, कापत नाही

सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही. वरची सफाई आणि तेल करूनही ओढत असेल तर पुढचं बघा.

केस ओले आहेत का? घरगुती क्लिपर कोरड्या केसांसाठी असतो, ओले केस एकमेकांना चिकटून ब्लेडच्या दातांत नीट शिरत नाहीत. डोक्याला चपचपीत तेल लावून बसलेल्या माणसाचे केसही तसेच. आदल्या दिवशी न्हाऊन, पूर्ण वाळलेल्या केसांवर मशीन चालवा. धूळ आणि माती ब्लेडची धार फार लवकर खाते, मैदानात खेळून आलेल्या मुलाला थेट खुर्चीत बसवू नका.

बॅटरी उतरलीय का? वेग कमी झाला की ब्लेड केस कापायच्या आधी धरतं. पूर्ण चार्ज करून चालवून बघा, मग नीट कापत असेल तर दोष ब्लेडचा नाही.

हात फार जोरात जातोय का? लांब केसांत थेट बारीक गार्ड लावून घुसू नका. आधी कात्रीने कमी करा किंवा ४ नंबरने एकदा फिरवा, मग २ नंबर. आणि मशीन सावकाश, केसांच्या उलट्या दिशेने.

आता ब्लेडची जागा, म्हणजे अलाइनमेंट. इथे वेळ द्या, कारण ब्लेड काढून परत लावलं की निम्म्या लोकांची मशीनं याच पायरीवर बिघडतात.

बाजूला लिव्हर असेल तर ती सगळ्यात बारीक कापायच्या जागी आणा. खालच्या ब्लेडचे दोन स्क्रू अर्धवट आवळा, म्हणजे ब्लेड धरून राहील पण बोटाने सरकेल इतपत. आता उजेडात मशीन डोळ्यासमोर आडवं धरा. वरच्या, हलणाऱ्या ब्लेडच्या दातांची टोकं खालच्या ब्लेडच्या टोकांच्या जरा मागे हवीत, एक मिलिमीटरहून किंचित कमी. दोन्ही ओळी एकमेकींना समांतर हव्यात, एका कोपऱ्यात अंतर जास्त आणि दुसऱ्यात कमी असं दिसलं तर तिथेच केस अडकणार. हलणारं ब्लेड डावीकडे किंवा उजवीकडे खालच्या ब्लेडच्या बाहेर डोकावता कामा नये. बरोबर दिसलं की एक स्क्रू थोडा, दुसरा थोडा, असं आलटून पालटून आवळा, एकच स्क्रू पूर्ण आवळला की ब्लेड तिरकं होतं. परत एकदा डोळ्यांनी बघा, मग तेल, मग आपल्या हाताच्या आतल्या बाजूवर, कोपराखाली, न दाबता फिरवून बघा. टोचलं किंवा ओरखडा आला तर हलणारं ब्लेड पुढे आलंय, परत खोला आणि मागे घ्या. ही चाचणी दुसऱ्या कोणावर आणि विशेषतः लहान मुलावर करू नका, आधी स्वतःच्याच हातावर.

सलूनवाले बारीक लाइन मारण्यासाठी हे अंतर जवळजवळ शून्य करतात, व्हिडिओ बघून घरी ते करायला जाऊ नका. त्यांचा हात रोजचा बसलेला असतो, आपला नाही.

एवढं करूनही ओढत असेल तर धार गेली. धार लावणं हा भाग नीट समजून घ्या. सायकलवर चाक फिरवत सुरी-कात्रीला धार लावणारे येतात ते त्यांच्या कामात पक्के असतात, पण क्लिपरच्या ब्लेडला ते चाक चालत नाही. इथे दाताला टोक काढायचं नसतं, दोन ब्लेडचे एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग एका खास फिरणाऱ्या प्लेटवर बारीक पावडरने घासून सारखे करायचे असतात. चाकावर धरलं की तो पृष्ठभाग खड्डेखुड्डे होतो आणि ब्लेड कायमचं जातं. दगडावर किंवा सँडपेपरवर घरी घासणं पण तसंच. महाग ब्लेड असेल, खास करून कुत्र्यांच्या क्लिपरचं, तर सलूनचं सामान विकणाऱ्या दुकानात ब्लेड-शार्पनिंग करून देणारं कोण आहे ते विचारा. घरगुती ट्रिमरचं असेल तर नवीन ब्लेड सेटच घ्या, आणि दोन्ही ब्लेड एकत्र बदला, जुन्यावर नवीन बसवलं तर ती एकमेकांवर नीट टेकत नाहीत. सिरॅमिक ब्लेड असेल तर ते कमी तापतं पण एकदा लादीवर पडलं की दात उडतो, आणि एकही दात तुटलेलं ब्लेड, मग ते स्टीलचं असो की सिरॅमिकचं, कातडीवर वापरायचं नाही, विषय संपला.

गरम होतंय

ब्लेड थोडं कोमट होणारच, धातूवर धातू घासतोय. पण मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवल्यावर चटका बसत असेल तर थांबा. पहिलं कारण तेल नाही, दुसरं कारण मधे केस अडकलेत, तिसरं कारण स्क्रू किंवा टेन्शनचा नट, म्हणजे ब्लेडवरचा दाब कमी-जास्त करणारा, गरजेपेक्षा आवळलाय. ब्लेडऐवजी मशीनची बॉडी, म्हणजे हातात धरायचा भाग गरम होत असेल तर मोटरवर लोड येतोय, मागच्या बाजूला हवेच्या फटी असतील तर त्यात केस भरलेत का बघा आणि ब्रशने मोकळ्या करा. जळका वास आला तर लगेच प्लग काढा, परत लावून खात्री करत बसू नका.

कुत्र्यांच्या बाबतीत हे जास्त गंभीर आहे कारण तो बोलू शकत नाही. पोटाची, काखेतली, कानामागची कातडी पातळ असते आणि गरम ब्लेडने तिथे लालसर चट्टा उठतो, मग तो चाटून चाटून जखम करतो. दर काही मिनिटांनी ब्लेड स्वतःच्या मनगटाला लावून बघा. गरम झालं की मशीन बंद करून ब्लेड थंड स्टीलच्या ताटावर सपाट ठेवा, किंवा दुसरं ब्लेड लावा. थंड करायचा स्प्रे मिळतो तो खिडकी उघडून वापरा, कुत्र्याच्या तोंडाजवळ नको, आणि त्यानंतर परत तेल.

दाढीचा ट्रिमर कुत्र्यावर चालवू नका. त्याची मोटर दाढीपुरती असते, दाट अंगावरच्या केसांत ती दमते, तापते आणि केस ओढून कुत्र्याला कायमची भीती बसते. आधी अंघोळ, पूर्ण वाळवणं, गुंते विंचरून काढणं, मग मशीन. आणि हस्की, गोल्डन, जर्मन शेफर्ड अशा दुहेरी कोटवाल्या कुत्र्यांना उन्हाळा आहे म्हणून झिरो मारू नका, वरचा कोट त्यांना उन्हापासून वाचवतो आणि कापल्यावर काही वेळा तो नीट परत येत नाही.

खडखड, किरकिर, मोठा आवाज

मॅग्नेटिक मशीन अचानक ट्रॅक्टरसारखं खडखडायला लागलं तर बहुतेक वेळा बाजूचा तो एकटा स्क्रू, पॉवर स्क्रू, सरकलेला असतो. मशीन चालू ठेवून, प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन, स्क्रू अगदी थोडा, पाव फेरीपेक्षाही कमी, फिरवा. एका दिशेला खडखड वाढेल, तिच्या उलट दिशेला फिरवत जा, खडखड जिथे नुकतीच थांबते ती जागा बरोबर. तिथे ताकद पुरेपूर मिळते. त्याच्या पुढे फिरवत राहिलात तर आवाज गोड होईल पण ब्लेडची हालचाल कमी होऊन केस ओढायला लागेल.

इथे ठाण्यात एक वेगळंच प्रकरण वरचेवर बघायला मिळतं. मुलगा किंवा जावई अमेरिकेहून भारीतलं वायरचं क्लिपर आणतो, काका ते इथे लावतात. त्यावर १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये ते थेट लावायचं नाही, कॉइल जळते. मग कोणीतरी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर सुचवतं. त्याने व्होल्टेज उतरतं, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झची, मशीनचा आर्म आणि स्प्रिंग त्या तालावर बसवलेली, इथे ५० मिळाल्यावर ते खडखडतं, तापतं आणि ताकद लागत नाही, पॉवर स्क्रूने थोडंफार जुळतं, बरेचदा तेही नाही. बॅटरीवालं मशीन असेल आणि अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर काहीच प्रॉब्लेम नाही, फक्त प्लगचं पिन-कन्व्हर्टर लागेल. तिकडून मागवायचंच असेल तर तसंच सांगा.

रोटरीमध्ये आवाज वाढला तर मघाशी सांगितलेला तो प्लास्टिकचा तुकडा झिजलेला असू शकतो. ब्लेड काढून मशीन क्षणभर चालवा. ब्लेडशिवाय आवाज शांत असेल तर दोष ब्लेडकडे किंवा त्या तुकड्यात, ब्लेडशिवाय पण तोच घरघराट असेल तर मोटरकडे किंवा तिच्या शाफ्टला गुंडाळलेल्या केसांकडे बघा. तुकडा झिजला की त्याची खाच रुंद आणि लांबट दिसते, पिन तिथे हलते आणि टकटक होते. मोठ्या कंपन्यांच्या क्लिपरसाठी तो सुटा मिळतो आणि बदलायला पाच मिनिटं लागतात.

चार्ज होत नाही, चालूच होत नाही

सगळ्यात आधी ट्रॅव्हल लॉक. कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर मशीनला काहीही झालेलं नाही, बटण साधारण तीन सेकंद दाबून ठेवा. सुट्टीला गावी नेलेल्या बॅगेत बटण दाबलं जाऊन लॉक लागतो.

मग सॉकेटमध्ये दुसरं काहीतरी लावून बघा, मोबाइलचा चार्जर चालतो का. मग केबल बदला. टाइप-सी पोर्ट असलेल्या स्वस्त ट्रिमरमध्ये एक गंमत असते जी बहुतेकांना माहीत नसते. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल आणि नवीन फास्ट चार्जर लावला की काहीच होत नाही, लाइट पण लागत नाही. कारण असा चार्जर समोरून ओळख पटल्याशिवाय व्होल्टेज सोडत नाही, आणि ती ओळख देणारे दोन छोटे रेझिस्टर या ट्रिमरमध्ये घातलेलेच नसतात. एका टोकाला जुना चपटा यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशी केबल घ्या, साध्या ५ व्होल्टच्या अडॅप्टरला लावा, चार्ज होतो. चांगला ट्रिमर एवढ्यासाठी परत केला जातो याचं मला फार वाईट वाटतं.

पोर्टमध्ये केस आणि धूळ असेल तर लाकडी टूथपिकने हलकेच काढा, धातूची पिन किंवा सुई नको. स्टँडवाल्या मशीनच्या पितळी पिनांवर हिरवट-काळा थर येतो, आपल्याकडे खाडीच्या बाजूला दमट हवेत तर येतोच, तो साध्या खोडरबराने घासा आणि मग अल्कोहोलने पुसा.

प्लग लावून मशीन चालत नाही पण काढल्यावर चालतं? धुता येणाऱ्या बऱ्याच ट्रिमरमध्ये ते मुद्दाम तसं केलेलं असतं, ओल्या हाताने वीज जोडलेलं मशीन कोणी वापरू नये म्हणून. तो दोष नाही.

खूप महिने पडून राहिलेला ट्रिमर लाइट पण दाखवत नसेल तर बॅटरी पार तळाला गेलीय. अर्धा-एक तास चार्जरवर ठेवा, समोर राहून, आणि बघा. जागा झाला तर ठीक, पूर्ण चार्ज करा. नाही झाला तर सेल गेला. पूर्ण चार्ज होऊन पाच मिनिटांत संपतो तरी सेलच गेला, मधेच बंद पडून थोड्या वेळाने पुन्हा दोन मिनिटं चालतो तेही तेच.

सेल बदलता येतो पण इथे घाई नको. लिथियम-आयन सेल ३.७ व्होल्टचा असतो, पूर्ण चार्जला ४.२ दाखवतो. जुन्या मशीनमध्ये निकेल-मेटल-हायड्राइड असतात, एकेक सेल १.२ व्होल्टचा. एकाच्या जागी दुसऱ्या प्रकारचा सेल कधीही टाकू नका, चार्जिंगचं सर्किट वेगळं असतं आणि लिथियमला चुकीचं चार्जिंग मिळालं तर आग लागू शकते. जुन्या सेलवर लिहिलेला प्रकार, व्होल्टेज आणि माप बघून तसाच घ्यायचा, आणि सोल्डरिंग सेलला थेट न करता पत्र्याची पट्टी लावलेला सेल मागायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात असे सेल मिळतात, पण सोल्डरिंगची सवय नसेल तर मोबाइल रिपेअरवाल्याकडून करून घ्या, त्याला हे काम पाच-दहा मिनिटांचं आहे. वॉशेबल मशीन एकदा उघडलं की त्याचं रबरी सील पहिल्यासारखं बसेल याची खात्री नाही, त्यानंतर ते पाण्याखाली धरू नका. वॉरंटी चालू असेल तर अजिबात उघडू नका, सर्व्हिस सेंटरला द्या.

सेल फुगलेला दिसला, बॉडीची जोडणी उघडल्यासारखी वाटली, तर दाबायचं नाही, टोचायचं नाही, चार्जिंगला तर लावायचंच नाही.

पावसाळ्यात ठेवायचं कुठे

जून ते सप्टेंबर आपल्याकडे चपला आणि पट्ट्यांना बुरशी येते, ब्लेडला गंज येणारच. बाथरूममध्ये ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, त्यात नवीन चपलांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, आणि ब्लेडवर तेलाचा पातळ हात. महिनोन्महिने वापरणार नसाल तर लिथियमचं मशीन साधारण अर्धं चार्ज करून ठेवा, पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून नको, आणि अधूनमधून बघत रहा. हलका तांबूस गंज असेल तर तेलाच्या टिश्यूने निघतो. दातांच्या टोकांवर खड्डे पडले असतील तर ब्लेड बदला.

एकाच मशीनने सगळ्या घराचे केस

हे लोक मनावर घेत नाहीत म्हणून जरा जोर देऊन लिहिते. गजकर्ण, म्हणजे नायटा, आणि केसांच्या मुळाशी येणारे पुळ्यांचे संसर्ग क्लिपरच्या ब्लेडवरून एकाकडून दुसऱ्याकडे जातात, कुत्र्याकडून माणसाकडे सुद्धा. कुत्र्याचं मशीन वेगळं, यात तडजोड नाही. घरातल्या दोन माणसांच्या मधे ब्लेड ब्रशने झटका, ७० टक्के अल्कोहोल लावा, हवेत पूर्ण वाळू द्या, मग तेल. आधी तेल आणि वर अल्कोहोल असं केलं तर दोन्ही वाया. गार्ड साबणाच्या कोमट पाण्यात धुवून वाळवा. डोक्यावर चट्टे, खपल्या असतील तर त्या माणसाचे केस बरं होईपर्यंत घरी कापूच नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

बाळाचं जावळ हल्ली घरीच मशीनने काढतात. त्यासाठी नवीन किंवा नुकतंच अलाइन केलेलं ब्लेड, गार्ड लावूनच, आणि बाळ झोपाळलेलं असताना नको, खाऊन-पिऊन खुशीत असताना. आवाजाची ओळख आधी दोन दिवस करून द्या, मशीन लांब धरून चालू करा. टाळू अजून मऊ असते, तिथे दाब बिलकुल नको, आणि दर मिनिटाला ब्लेडला हात लावून गरम झालंय का बघा. मामाच्या मांडीवर बसवायचं असेल तर मामाला आधीच सांगा की डोकं एका हाताने मागून धरायचंय, फोटोसाठी पोज द्यायची नाहीये.

रिपेअरला द्यायचं की निरोप

कॉइल जळली असेल, सर्किट बोर्ड पाण्याने काळा पडला असेल, किंवा ब्लेड सेटच कुठे मिळत नसेल तर मशीनवर खर्च करत बसू नका. सुटं ब्लेड आणि सेल मिळतो की नाही हे नवीन घेतानाच बघा, जे मशीन फक्त ब्लेड मिळत नाही म्हणून दोन वर्षांत टाकावं लागतं ते स्वस्त नसतं. रिपेअरवाल्याकडे नेताना "चालत नाही" एवढंच सांगू नका, ब्लेड काढून चालतं का, प्लगवर चालतं का, आवाज कुठून येतो हे सांगा, त्याचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसे.

टाकायचंच असेल तर बॅटरी असलेलं मशीन ओल्या किंवा सुक्या कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नये, कचऱ्याच्या गाडीत दाबलं गेलं की लिथियम सेल पेट घेतो आणि तिथे काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि बॅटरीसाठी २०२२ चेच वेगळे नियम आहेत, त्यात जुनं सामान गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारायला लाजू नका. सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी किंवा ड्राइव्ह येत असेल तर तोपर्यंत मशीन बंद करून, चार्जिंगच्या पोर्टवर चिकटपट्टी लावून, लहान मुलांच्या हाताला न लागेल अशा कोरड्या जागी वेगळं ठेवा. फुगलेला सेल असेल तर मात्र ड्राइव्हची वाट बघत घरात ठेवू नका, गॅस आणि पडद्यांपासून लांब, बाल्कनीत धातूच्या किंवा मातीच्या भांड्यात कोरड्या वाळूत ठेवा आणि लवकरात लवकर नेऊन द्या.